गर्भाचे कायदेशीर व्यक्तित्व (भारत)

गर्भधारणेपासून जन्मापर्यंतच्या कोणत्या टप्प्यावर गर्भाला कायद्याने ‘व्यक्ती’ मानावे, त्याला हक्क केव्हा मिळावेत आणि त्याचा नाश हा कोणता गुन्हा ठरावा, याविषयीचा वाद. भारतीय कायद्यात याचे एकच एक उत्तर नाही. संविधानाच्या २१व्या अनुच्छेदाने जीविताचा हक्क ‘व्यक्ती’ला दिला, जन्माआधी व्यक्ती असते का, याबद्दल तो काहीच बोलत नाही. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातील व्यक्तीच्या व्याख्येत कंपनी बसते, मंडळी बसते. गर्भाचा उल्लेख नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेने ‘जीवित’ म्हणजे माणसाचे जीवित, एवढेच सांगून विषय मिटवला होता. वारसा, फौजदारी गुन्हे, जन्मनोंदणी, गर्भपात, प्रयोगशाळेतले भ्रूण अशा प्रत्येक कामापुरती कायद्याने वेगळी रेषा ओढली. या रेषा एकमेकींशी जुळत नाहीत. हा विस्कळीतपणा ठरवून आलेला नसला तरी एकंदरीत शहाणपणाचा ठरला, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. त्याची किंमत कोणाला मोजावी लागली हेही पुढे येईल.

महिने मोजण्याची पद्धत इंग्रजांनी आणलेली नव्हे. चरकसंहितेत शुक्र, शोणित आणि जीव यांच्या कुशीतील संयोगालाच गर्भ म्हटले आहे, म्हणजे जीव आरंभापासूनच आहे. सुश्रुतसंहितेनुसार चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त होते, चेतना प्रकटते आणि गर्भवती दोन हृदयांची होते. डोहाळे पुरवण्यामागची उपपत्ती हीच. गर्भोपनिषद जीवाचा संयोग थेट सातव्या महिन्यात सांगते. भ्रूणहत्येला घोर पातक ठरवणाऱ्या धर्मशास्त्राने सुतकाच्या हिशेबात मात्र पायऱ्या केल्या. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गर्भपात, त्यापुढे प्रसूती; आणि त्या-त्याप्रमाणे आशौचाचे दिवस वेगळे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या धर्मसिंधूतही ही विभागणी आहे, आणि मराठी घरांतील भटजींचा आधार बराच काळ तोच ग्रंथ होता. तात्त्विक प्रश्न खुला ठेवून व्यवहारापुरते उत्तर द्यायचे, ही रीत न्यायालयांच्या आधीची आहे.

मालमत्तेच्या कायद्यात गर्भाला सर्वांत उदार वागणूक मिळते. जन्माला येणारे मूल त्याच्या लाभाच्या प्रश्नापुरते जन्मलेलेच समजावे, हे रोमन विधीचे तत्त्व. हिंदू विधीतही वाटणीच्या वेळी पोटात असलेल्या आणि मागाहून जन्मलेल्या मुलाचा हिस्सा बुडत नसे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २० ने हेच शब्दबद्ध केले: मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाच्या मृत्यूच्या वेळी जे मूल गर्भात होते आणि नंतर जिवंत जन्मले, त्याला मृत्यूपूर्वी जन्मल्यासारखाच वारसा मिळतो. यातली ‘नंतर जिवंत जन्मले’ ही अट महत्त्वाची. हक्क गर्भाला मिळत नाही. तो जन्मलेल्या मुलाला मागील तारखेपासून मिळतो. मूल मृत जन्मले तर तो हक्क कधी नव्हताच असे धरून वाटणी होते. अजून गर्भातही न आलेल्याला हिंदू माणूस दान देऊ शकत नाही, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये टागोर घराण्याच्या खटल्यात दिला होता. पुढे १९१६ च्या कायद्याने ती अडचण दूर झाली. गोव्यात कौटुंबिक कायद्याचा पाया असलेली १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता या बाबतीत जास्त सरळ बोलते. तिच्या सहाव्या अनुच्छेदानुसार कायदेशीर पात्रता जन्माने येते, मात्र गर्भ राहिल्यापासूनच त्या जिवाला कायद्याचे संरक्षण आहे आणि संहितेत सांगितलेल्या परिणामांपुरता तो जन्मलेला मानला जातो. पात्रता आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या थोड्या शब्दांत सांगणारे कलम भारताच्या इतर कायद्यांत सापडत नाही.

फौजदारी कायद्याची रेषा दुसरीकडे आहे. दंड संहितेच्या कलम २९९ च्या तिसऱ्या स्पष्टीकरणानुसार आईच्या पोटातील मुलाचा मृत्यू घडवणे हा मनुष्यवध नव्हता. मात्र मुलाचा कोणताही भाग बाहेर आला असेल तर तो सदोष मनुष्यवध होऊ शके, मग त्याने श्वास घेतलेला नसो की ते पुरते जन्मलेले नसो. त्याच्या अलीकडे कलम ३१२ ते ३१६ मध्ये गर्भपाताचे गुन्हे होते. साध्या गर्भपाताला तीन वर्षांपर्यंत कैद. गर्भाची हालचाल आईला जाणवू लागल्यानंतरच्या गर्भपाताला सात वर्षांपर्यंत. स्त्रीच्या संमतीशिवाय केल्यास जन्मठेपेपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही आरोपी होऊ शके. हालचालीची ही खूण जुन्या इंग्रजी सामान्य विधीतून आली. सोनोग्राफीच्या काळात तिला वैद्यकीय अर्थ उरलेला नाही, तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ही सगळी मांडणी जवळजवळ जशीच्या तशी कलम ८८ ते ९२ मध्ये उचलून ठेवली. दीडशे वर्षांनी कायदा नव्याने लिहिण्याची संधी आली आणि नेमका हा भाग कोणी उघडून पाहिला नाही. अपघाताच्या भरपाईत काही उच्च न्यायालयांनी पाच महिन्यांपुढच्या गर्भाला अस्तित्वात असलेल्या मुलासारखे धरून पालकांना रक्कम दिली आहे. पण तिथे प्रश्न पालकांच्या नुकसानीचा असतो.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चा तर्क वेगळाच आहे. त्याच्या व्याख्येत ‘जन्म’ या शब्दात जिवंत जन्म आणि मृत जन्म दोन्ही येतात, तर ‘मृत्यू’ फक्त जिवंत जन्मानंतरच घडू शकतो. म्हणून अठ्ठावीस आठवडे पूर्ण झालेले मूल मृत जन्मले तर त्याची स्वतंत्र नमुन्यात नोंद होते. ते जन्मले, पण मेले नाही. जिवंत जन्मासाठी मात्र किती महिने भरले याला महत्त्व नाही. बाहेर आल्यावर श्वास किंवा जीवनाची दुसरी कोणतीही खूण दिसली की पुरे.

खरा वाद गर्भपातावरून होतो. असुरक्षित गर्भपातांत दगावणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न तपासण्यासाठी १९६४ मध्ये केंद्राने समिती नेमली. तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शहा होते. समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला, वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. तेव्हा बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत लागे आणि वीस आठवड्यांपर्यंत दोघांचे. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तातडीने आवश्यक असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही. वीस आठवड्यांनी गर्भ व्यक्ती होतो, असे या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. पण स्त्रीला गर्भपाताचा हक्क आहे, असेही म्हटलेले नाही. दंड संहितेतील गुन्हा तसाच ठेवून काही अटींवर डॉक्टरला त्यातून सोडवणारा हा कायदा आहे. डॉक्टरचे मत हीच त्याची कळ. त्यामुळे संसदेने जो प्रश्न टाळला तो रुग्णालयात डॉक्टरच्या टेबलावर जाऊन पडला.

मुंबईत तो २००८ मध्ये उघडा पडला. प्रसूतितज्ज्ञ निखिल दातार आणि एका दांपत्याने वीस आठवड्यांनंतर कळलेल्या हृदयदोषाच्या आधारे गर्भपाताची परवानगी मागितली. त्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती नाकारली: मर्यादा बदलणे हे संसदेचे काम. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सुचिता श्रीवास्तव खटल्यात मूल हवे की नको हे ठरवण्याचा स्त्रीचा अधिकार २१व्या अनुच्छेदात येतो असे म्हटले. त्याच निकालात होणाऱ्या मुलाचे जीवित जपण्यात राज्याचे हितही आहे असे नोंदवले. ‘होणारे मूल’ हा शब्द सावधपणे निवडलेला दिसतो. मुंबई उच्च न्यायालय सप्टेंबर २०१६ मध्ये याहून स्पष्ट बोलले. तुरुंगातील गर्भवती स्त्रियांच्या प्रश्नाची आपणहून दखल घेतलेल्या प्रकरणात न्या. विजया ताहिलरमाणी आणि न्या. मृदुला भाटकर यांच्या खंडपीठाने सांगितले की मानवी हक्क जन्मानंतर लाभतात. न जन्मलेला गर्भ हा मानवी हक्क धारण करणारा घटक नव्हे.

संसदेने २०२१ मध्ये मर्यादा ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांवर नेली आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मताने ती काढून टाकली. या फरकाकडे टीकाकार बोट दाखवतात. व्यंग असलेल्या गर्भाला मर्यादा नाही आणि निरोगी गर्भाला आहे, तर राज्याचे हित नेमके कोणत्या जीवितात? अपंग हक्कांच्या चळवळीतून आलेल्या या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण सर्वांत अवघड. दोन मुलांच्या आईला स्तनपानाच्या काळात तिसऱ्यांदा दिवस गेल्याचे उशिरा कळले. गर्भ सव्वीस आठवड्यांचा होता. न्या. हिमा कोहली आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी ९ ऑक्टोबरला परवानगी दिली. मग एम्सच्या डॉक्टरांनी विचारले, गर्भ जगण्याची शक्यता आहे, तर हृदयाचे ठोके आधी थांबवायचे का? ११ तारखेला दोघींची मते फुटली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायाधीशांच्या पीठाने १६ तारखेला कायद्यातील मर्यादेवर बोट ठेवून परवानगी नाकारली, कारण तिच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता आणि गर्भात व्यंगही नव्हते. गर्भाला २१व्या अनुच्छेदाचा हक्क आहे का, हे पीठाने ठरवले नाही. प्रश्न टाळून निकाल लावता आला, हे या पद्धतीचे यश. आठवड्याभरात तीन उत्तरे ऐकावी लागलेल्या स्त्रीने मोजली ती तिची किंमत.

लिंगनिवडीविरोधी कायद्याने वादाला वेगळे वळण दिले. देशात असा पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा, तोही २००३ मध्ये कडक झाला. त्यात गुन्हा आहे लिंगपरीक्षण आणि निवड, गर्भपात नव्हे. पण प्रचारातल्या फलकांवर पोटातली मुलगी बोलू लागली, न्याय मागू लागली, आणि लोकांच्या मनात दोन कायद्यांची सरमिसळ झाली. मुंबईची सेहत आणि पुण्याजवळ काम करणारी मासूम या संस्था लिंगनिवडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या; मुलीच्या बाजूने लढताना गर्भाला स्त्रीपासून वेगळी व्यक्ती करून टाकायचे नाही, ही त्यांची तारेवरची कसरत होती.

व्यक्तित्वाची रेषा संविधानातच ओढली तर काय होते, हे आयर्लंडने पाहिले. १९८३ च्या आठव्या दुरुस्तीने तिथे गर्भाला आईइतकाच जीविताचा हक्क दिला. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेत मूळ बेळगावच्या एका तरुण दंतवैद्य स्त्रीचा गर्भ सतराव्या आठवड्यात पडत असताना, ठोके चालू आहेत म्हणून तो काढण्यास नकार मिळाला आणि ती जंतुदोषाने गेली. मे २०१८ च्या सार्वमताने ती दुरुस्ती रद्द झाली. अमेरिकेत अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये गोठवलेल्या भ्रूणांना १८७२ च्या कायद्याखाली ‘मूल’ ठरवले. राज्यातील काही वंध्यत्व केंद्रांनी उपचार थांबवले आणि महिन्याभरात विधिमंडळाला त्यांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला.

गोठवलेल्या भ्रूणाविषयी भारतीय कायदा अनपेक्षितपणे काटेकोर आहे. लिंगनिवडीविरोधी कायद्याच्या २००३ च्या दुरुस्तीनुसार फलनापासून छप्पन दिवस भ्रूण आणि सत्तावन्नाव्या दिवसापासून गर्भ. वाढ थांबवून ठेवलेला काळ मोजायचा नाही. २०२१ च्या प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने भ्रूण दहा वर्षांपर्यंत साठवण्याची मुभा दिली. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा किंवा संमतीने संशोधनाला द्यायचा. प्रयोगशाळेत चौदा दिवसांपुढे मानवी भ्रूण वाढवण्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांची मनाई आहे. या सगळ्यात भ्रूण व्यक्ती नाही, आणि निव्वळ मालही नाही. अडचण वारशात येईल. पतीच्या मृत्यूनंतर गोठवलेला भ्रूण पत्नीच्या गर्भाशयात ठेवला आणि मूल जिवंत जन्मले, तर १९५६ च्या कलम २० ची अट ते पूर्ण करत नाही, कारण मृत्यूच्या वेळी ते ‘गर्भात’ नव्हते.