तारेला पाय लागला की...

आम्ही झाशीकर मराठी माणसं इतिहास म्हटला की १८५७ वर येऊन थांबतो. पाहुणे आले की त्यांना गणेश मंदिरात नेऊन ‘राणीचं लग्न इथंच लागलं’ हे ऐकवल्याशिवाय सोडत नाही. शाळेत मीही जन्मभर तेच शिकवलं. निवृत्तीनंतर मात्र नाद लागला तो रात्रीच्या जनावरांच्या हिशेबाचा.

सरकारी दप्तरात ही जनावरं पहिल्यांदा मोजली गेली ती मेल्यावर. इंग्रजी अमलात आमच्या प्रांतात लांडगा, बिबट्या मारला की बक्षीस मिळे. जनावर दाखवायचं, पैसे घ्यायचे, कारकून आकडा मांडणार. जिवंत किती उरली, हे विचारायचं कुणाला कारणच नव्हतं.

ते विचारणारा माणूस निघाला जंगलखात्यातच. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा संयुक्त प्रांतातला वनाधिकारी. झाशी त्याच प्रांतात, पण त्याचं रान वर शिवालिकच्या बाजूचं. जनावरांच्या वाटेवर तो आडवी तार बांधी, झाडीत काचेच्या प्लेटचा कॅमेरा लपवी, शेजारी मॅग्नेशियमची भुकटी ठेवी. तारेला पाय लागला की भडका उडे आणि जनावर स्वतःच आपला फोटो काढून निघून जाई. ३ ऑक्टोबर १९२५ च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’नं त्याचे वाघ छापले. मूळ युक्ती अमेरिकेतल्या जॉर्ज शायरसची. त्याचे रात्रीचे फोटो १९०६ सालीच ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये आले होते. पण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यावरून तो ओळखता येतो, हे चॅम्पियनला फोटो पाहता पाहता उमगलं.

आणि आपण काय केलं? १९७२ ची पहिली देशव्यापी व्याघ्रगणना ठशांवरून झाली. पंजाच्या ठशावर काच धरायची, कडा गिरवायच्या, कागदावर उतरवायच्या. आकडा आला १८२७. पुढे सरिस्कात कागदावर वाघ राहिले, रानात नाहीत; ते २००५ साली उघडकीला आलं. मग कुठं २००६ च्या गणनेत कॅमेऱ्यांना मान मिळाला, आणि आकडा निघाला १४११. आमच्या बुंदेलखंडातलं पन्ना तर २००९ साली वाघांवाचून रिकामं झालेलं होतं.

या सगळ्यात तरस, उदमांजर, वाघाटी कुठं होती? वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्याच्या डब्यासमोरून जात होती, एवढंच. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले, त्यांत वाघांचे ७६,६५१. माझा जीव अडकतो तो उरलेल्या ढिगात.

त्या ढिगात माणसंही असतात, कारण रान त्यांचंही आहे. चॅम्पियनच्याच काळात, १९२१ साली, कुमाऊँच्या लोकांनी सरकारी जंगलबंदीविरुद्ध रानं पेटवली आणि १९३१ मध्ये सरकारला वनपंचायतींचे नियम करावे लागले. गावानं राखायचं जंगल आणि आपोआप फोटो घेणारा कॅमेरा, दोन्ही एकाच प्रांतात दहा वर्षांच्या आत रुजले, पण एकमेकांना ओळखत नव्हते.

आता ही ओळख होते आहे, तीही भांडणातून. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात सरपण आणायला जाणाऱ्या बायकांवर या कॅमेऱ्यांचा काय परिणाम होतो, याचा केंब्रिज विद्यापीठातला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. बायका रानात गाणी म्हणेनाशा झाल्या, हळू बोलू लागल्या. एका बाईचा अत्यंत खासगी क्षणाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, तेव्हा गावकऱ्यांनी सापडतील तेवढे कॅमेरे फोडले, जाळले. मला त्यांचा राग येत नाही. तरसाची नोंद मलाही हवी आहे. पण डबा कोणत्या झाडाला बांधायचा, पाणवठ्याची आणि सरपणाची वाट कुठून जाते, फोटो कोण पाहणार, हे आधी ग्रामसभेत ठरावं, आणि त्या सभेला बायका असाव्यात.