दोन तारांचा कायदा

लढाऊ विमानांचा इतिहास लिहिणारे पंखांवर आणि इंजिनांवर पाने खर्ची घालतात. आतल्या तारांकडे सहसा कोणी वळत नाही. शाहूपुरीत राहणाऱ्या मला मात्र हीच बाजू जवळची वाटते. आमच्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरात एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसतो, याचे कोणाला नवल नाही. पण १८४१ साली व्हिटवर्थने आट्यांचे एक प्रमाण सुचविले, तोवर इंग्लंडातही जो तो आपल्याच मापाचे आटे पाडी.

विमानातील उपकरणांची गत तीच होती. रडार, दिशादर्शक, शस्त्रे. प्रत्येकाच्या तारा वेगळ्या, बोली वेगळी. १९७३ साली अमेरिकन लष्कराने १५५३ क्रमांकाचे प्रमाण काढले. १९७८ साली त्याची सुधारलेली 'बी' आवृत्ती आली. पीळ घातलेल्या दोन तारा, वेग सेकंदाला दहा लाख बिटांचा, आणि जोडता येणारी उपकरणे फार तर ३१. एक नियंत्रक मास्तरांनी हजेरी घ्यावी तसा एकेकाला पुकारतो; ज्याचे नाव पुकारले त्यानेच 'ओ' द्यायची, तीही सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास. प्रमाण छापील आणि खुले, म्हणून कोणत्याही देशाच्या कारखान्याने त्याबरहुकूम यंत्र करावे.

आपल्याकडे त्याचे फळ सुखोई-३० एमकेआयमध्ये दिसले. करार १९९६ चा. २००२ साली ही विमाने पुण्याच्या लोहगावला वायुसेनेत दाखल झाली, आणि पुढे नाशिकजवळच्या ओझरला तयार होऊ लागली. सांगाडा आणि रडार रशियन, काही पडदे फ्रेंच, काही साधने इस्रायली, मिशन कॉम्प्युटर भारतीय, आणि त्यांना बोलते करणारे प्रमाण अमेरिकन! शीतयुद्धातल्या सेनापतींना हे ऐकून भोवळच आली असती.

तरी नुसत्या तारा खुल्या असून भागत नाही, असे माझे मत आहे. कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम ज्याच्या हाती, त्याच्याच हाती विमानाची किल्ली. एखादे नवे शस्त्र लावायचे तर परक्या कारखानदाराच्या दारी जावे लागते. तो सांगेल ती किंमत, तो देईल ती मुदत. ब्रह्मोस क्षेपणास्त्राच्या वेळी ही कसोटी लागली. अडीच टनांचे ते धूड पोटाखाली घ्यायचे, तर यांत्रिक आणि विद्युत फेरफार हिंदुस्थान एरोनॉटिक्सने केले. विमानाचे सॉफ्टवेअर वायुसेनेच्या अभियंत्यांनी स्वतः लिहिले. २५ जून २०१६ रोजी नाशिकला ते विमान क्षेपणास्त्रासह उडाले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर त्याने ब्रह्मोस सोडले, आणि समुद्रातले लक्ष्य टिपले गेले.