वरसईहून झाशीपर्यंत

आम्ही इंदूरकर पुण्याला निघालो की आधी तिकीट पाहतो, मग उतरायची सोय. १८५७ साली पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे काकांसोबत इकडे उत्तरेत आले, ते पायी. घरावर कर्ज होते, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, अशी बातमी होती. आपल्या शेजारच्या महूजवळ शिपायांकडून बंडाची वार्ता कळली, तरी ते मागे फिरले नाहीत. वाटेत हॉटेले कुठली! धर्मशाळा, देवळाची ओसरी, आणि शिंदे-होळकरांच्या मुलखात एखादे मराठी घर. भिक्षुकाला तेवढे पुरे. पण झाशीत ते इंग्रजांच्या वेढ्यात सापडले आणि शहर पडल्यावर लुटले गेले. कमाई म्हणावी अशी काही उरली नाही. गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावर वाहून घरी आणली व आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले.

हे सारे त्यांनी १८८३ मध्ये लिहून काढले. ‘माझा प्रवास’ छापला गेला १९०७ मध्ये. लोक तो वाचतात झाशीच्या राणीसाठी. आम्हाला त्यातले मुक्काम, जेवणे आणि दक्षिणेचे हिशेबही तितकेच मोलाचे वाटतात. दरबारी कागदांत असल्या गोष्टी कोण लिहिणार?