चांदबिबीचा दस्ताना

ऐतिहासिक नाटकातील किंवा मिरवणुकीच्या चित्ररथावरील वेषभूषेची चर्चा बहुधा डोक्यापासून सुरू होते आणि कमरेपाशी संपते. जिरेटोपाचा तुरा कसा असावा, अंगरख्याचे बंद कोणत्या बाजूला असावेत, तलवार सरळ की वक्र, यांवर वाद झडतात. हाताकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक शस्त्रधारी माणसाच्या देहातला सर्वांत उघडा आणि सर्वांत धोक्यातला अवयव हाताचा पंजा हाच. समोरच्याचे पाते सर्वप्रथम पोहोचते ते तिथे.

अहमदनगरच्या संदर्भात हा प्रश्न चांदबिबीपाशी येऊन थांबतो. (२०२४ पासून शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, या लेखातील काळ जुन्या नावाचा, म्हणून तेच वापरले आहे.) १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुरादच्या मोगल सैन्याने किल्ल्याला वेढा घातला. १५९६ च्या आरंभी सुरुंगाने तटाला खिंडार पडले, तेव्हा चिलखत चढवून, चेहऱ्यावर बुरखा घेऊन, हातात नागवी तलवार घेऊन चांदबिबी त्या खिंडारात उभी राहिली, असे फिरिश्ता लिहितो. फिरिश्ता स्वतः अहमदनगरच्या सेवेत राहिलेला होता. पण या वेढ्याच्या वेळी तो विजापूरला होता, हे ध्यानात ठेवलेले बरे. चिलखत, बुरखा, तलवार या तीन वस्तूंवर आपली चांदबिबी उभी आहे. तलवार धरणाऱ्या हातावर काय होते, याविषयी वाक्य गप्प आहे. आणि वेषभूषाकाराला तर काहीतरी चढवावेच लागते, किंवा हात मोकळा सोडण्याचा निर्णय घ्यावा लागतो.

हा निर्णय साधारणपणे तीन प्रकारे चुकतो. पहिला प्रकार युरोपीय सरदाराच्या पोलादी पंजाचा: प्रत्येक बोटावर खवल्यांसारख्या पट्ट्या, मनगटावर घंटेसारखा पसरट घेर. दुसरा प्रकार जाड चामडी हातमोज्यांच्या जोडीचा. चांदबिबी घोड्यावर बसून ससाण्याने शिकार करते आहे, अशी दख्खनी लघुचित्रे १७०० च्या सुमारास, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, रंगवली गेली. त्यांतले एक न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ससाण्याच्या नखांपासून वाचण्यासाठी शिकारी जो मोजा घालतो तो एकाच हाताचा असतो आणि त्याचा युद्धाशी संबंध नसतो. शिकारीची राणी आणि खिंडारातली राणी यांची सरमिसळ झाली की दोन्ही हातांत चामड्याचे मोजे येतात. तिसरी चूक सर्वांत प्रामाणिक माणसाकडून होते. तो संग्रहालयात जातो, तिथला दस्ताना पाहतो, आणि त्याबरहुकूम कोपरापासून मनगटापर्यंत धातू व पुढे उघडा पंजा अशी रचना करतो.

ही तिसरी चूक समजण्यासाठी वस्तूचीच रचना पाहायला हवी. ‘दस्त’ म्हणजे हात. दस्तुरखुद्द, दस्तऐवज, जबरदस्त या शब्दांतून तो आपल्या भाषेत रोज भेटतो. ‘आईन-इ-अकबरी’तील शस्त्रागाराच्या यादीत ‘दस्तवाना’ आहे. या वस्तूला बाजूबंद असेही म्हणत. दंडावरच्या दागिन्याशी तिची गल्लत करू नये. अग्रबाहूच्या बाहेरच्या अंगाला एक लांब, पन्हळीसारखा वळवलेला पोलादी पत्रा, जो कोपर झाकून थोडा मागे जातो. आतल्या अंगाला, मनगटापाशी, एक किंवा दोन आखूड पत्रे. दोन्ही भाग बिजागऱ्यांनी जोडलेले. एका बाजूची खीळ काढता येते, म्हणजे दस्ताना शिंपल्यासारखा उघडतो, हात आत ठेवायचा आणि खीळ परत सरकवायची. आत मऊ अस्तर. आणि मनगटाच्या कडेला बारीक भोकांची रांग.

ही भोके शोभेची नव्हेत. तिथे पंजाचे आवरण शिवलेले असे: कधी कड्यांच्या जाळीचे, कधी कापूस भरून टाचलेल्या, वरून मखमल लावलेल्या कापडाचे. ते पंजाची पाठ आणि बोटांचा वरचा भाग झाके. तळहात मोकळा राही. पोलाद टिकते, कापूस आणि मखमल टिकत नाही. कसर, ओल आणि शतके यांनी ते आवरण खाऊन टाकले, आणि अनेक संग्रहालयांत उरला तो नुसता पत्रा. म्हणजे आपण जिला अस्सल नक्कल म्हणतो ती वस्तूची नसून वस्तूच्या झिजेची नक्कल असते. इतिहासाच्या साधनांबाबत हे इतरत्रही घडते. कठीण ते उरते, मऊ ते जाते, आणि पुढच्या पिढ्यांना वाटते की भूतकाळ कठीणच होता.

पण दख्खनी कारागिराने बोटाबोटावर पोलाद का चढवले नाही? कौशल्य नव्हते म्हणून खास नव्हे. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी ‘मलिक-इ-मैदान’ ही प्रचंड तोफ १५४९ साली अहमदनगरलाच ओतली गेली होती. कारण मुठीत आहे. आपल्याकडील तलवारीची मूठ आखूड. वर तबकडी, खाली आडवे हात, आणि पुष्कळदा बोटांसमोरून जाणारी वक्र परज. पंजा त्या जागेत घट्ट बसतो आणि वार मनगट व खांद्याच्या ओढीने होतो. तिथे पोलादी बोटे मावत नाहीत. म्हणून बोटांचे रक्षण मोज्याकडून काढून मुठीकडे सोपवले गेले. निजामशाहीला फिरंगी माहीत नव्हते असेही नाही. चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज शेजारीच होते आणि १५९४ मध्ये त्यांनी कोर्लई जिंकून घेतले. दख्खनने त्यांच्याकडून पाती घेतली, त्यांना आपल्या मुठी बसवल्या आणि त्या तलवारीला ‘फिरंग’ हे नाव दिले. परकी वस्तू कुठपर्यंत घ्यायची याचा हिशेब स्वच्छ होता: पाते त्यांचे, मूठ आपली.

याच विचाराचे टोक म्हणजे दांडपट्टा. त्यात मूठ आणि दस्ताना एकच झाले. पोलादी खोबळा पंजासकट अग्रबाहू झाकतो. आत आडवी मूठ, मागे हाताला धरून ठेवणारी कडी, आणि पुढे हाताच्याच रेषेत निघालेले लांब सरळ पाते. त्या हातावर वेगळा दस्ताना चढवण्याचे कारण उरत नाही. पट्टा फिरवणारा तो पटाईत. आज आपण हिशेबात किंवा थापा मारण्यात पटाईत असलेल्यालाही तोच शब्द लावतो. २०२४ साली महाराष्ट्राने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तो शस्त्राइतकाच हात झाकण्याच्या या युक्तीलाही पोहोचतो.

म्हणून निवडीचा नियम असा निघतो: हातावर काय घालायचे हे पोशाखावरून नव्हे, हातातल्या शस्त्रावरून ठरवावे. उजव्या हातात तलवार असेल तर दस्ताना आणि मऊ आवरण. पट्टा असेल तर नुसता खोबळा. डाव्या हातात ढाल असेल तर ढालीच्या आतली गादी विसरू नये. वाद्या मुठीत धरल्या की बोटांची पेरे त्या गादीवर टेकतात, तिथे जाड मोजा आड येतो. जोडणीतही हीच दृष्टी हवी. आवरण अंगरख्याच्या बाहीला शिवले तर हात उचलताच ते मागे ओढले जाते. ते पत्र्याच्या कडेलाच शिवावे, आणि मधल्या बोटासाठी आतून एक फासा ठेवावा. पत्रा मनगटाच्या हाडाअलीकडे थांबावा, नाहीतर नटाचे मनगट वळणार नाही. मनगट वळले नाही तर तलवार फिरवणारा माणूस न दिसता तलवार वाहून नेणारा हमाल दिसतो.

या तपशिलांच्या मागे एक मोठी गोष्ट आहे. वेषभूषेत आपण बाजू ओळखू याव्यात म्हणून मोगलांना एक चिलखत, निजामशाहीला दुसरे, मराठ्यांना तिसरे देतो. प्रेक्षकाची सोय होते. इतिहासाची होत नाही. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढत होते. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. या दोघा भावांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवली गेली, असे परंपरा सांगते. समोरच्या फौजांतही मराठे सरदार होते. त्या रणात ज्याला परवडला त्याने दस्ताना बांधला, आणि तो बांधताना त्याची बिजागरी कोणत्या पक्षाची हे कोणी पाहिले नसणार. चांगली वस्तू शत्रूकडूनही घेतली जाई. सतराव्या शतकाच्या शेवटी अदोनी पडल्यावर बिकानेरच्या अनूपसिंहाने तिथली दख्खनी शस्त्रे व चिलखते घरी नेली, आणि दख्खनचा बराचसा शस्त्रवारसा आज राजस्थानात पाहावा लागतो.

चांदबिबीचा शेवट १६०० साली तिच्याच माणसांच्या हातून झाला; त्या वर्षी किल्लाही मोगलांकडे गेला. अशा बाईला रंगमंचावर उभी करताना परदेशी सरदाराचे पोलादी हात देणे म्हणजे तिचे शौर्य आपल्या मातीत मावत नाही असे कबूल करणे होय. तिला तिच्या प्रदेशाचा हात द्यावा: बाहेरून पोलाद, पुढे टाचलेली मखमल, आणि आत मोकळा तळहात, कारण मूठ पकडायची असते ती कातडीनेच.