पितळेची थरथर, तांब्याचा गोंगाट

जयपूरच्या चारदीवारीतील जंतरमंतर पाहणाऱ्याला सम्राट यंत्राच्या सुमारे २७ मीटर उंचीचे नवल वाटते. ही उंची केवळ राजवैभवासाठी नव्हती. लहान पितळी यंत्रांचे आस झिजतात, थरथरतात, वर्तुळांचे केंद्र सरकते, अशी तक्रार सवाई जयसिंगांच्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच आहे. म्हणून १८व्या शतकात दगड-चुन्याची अचल यंत्रे उभी राहिली. आकाश मोजण्याआधी यंत्राचा स्वतःचा दोष आवरायला हवा, हा त्यामागचा विचार होता.

तोच प्रश्न पुढे पुणे जिल्ह्यातील खोडद येथे वेगळ्या रूपात उभा राहिला. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण उभारली गेली. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे, हे जागेच्या निवडीचे एक कारण होते. परंतु गोंगाट केवळ शहरातून येत नाही. दुर्बिणीचे संकेत हाताळणारे सर्किट बोर्डही तो निर्माण करू शकतात.

समजा, बोर्डावरील घड्याळ-संकेत २५ मेगाहर्ट्झचा आहे. त्याचे टोकदार चौकोनी स्पंद विषम पटींतही ऊर्जा सांडतात. तेरावी पट येते ३२५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे जीएमआरटीच्या मूळच्या ३२७ मेगाहर्ट्झ पट्ट्याच्या अगदी जवळ.

ही ऊर्जा बाहेर कशी पडते? प्रवाह तांब्याच्या रेघेतून जातो आणि ग्राउंडमधून परततो. या जाण्या-येण्याने बनलेला वेढा म्हणजे एक छोटा अँटेनाच. प्रवाह तोच ठेवून वेढ्याचे क्षेत्रफळ दुप्पट केले, तर दूरवरचे विद्युतक्षेत्र दुप्पट होते; वारंवारिता दुप्पट केली, तर चौपट. उच्च वारंवारितेला परतीचा प्रवाह रेघेच्या थेट खालून येऊ पाहतो. तेथे ग्राउंड प्लेन अखंड असेल, तर वेढा लहान राहतो. मध्ये चीर पडली, की प्रवाहाला वळसा घालावा लागतो आणि गोंगाट वाढतो. म्हणूनच डिकपलिंग कपॅसिटर चिपच्या पायांलगत बसवतात आणि गरजेपेक्षा वेगवान स्पंद टाळतात.

रेडिओ व्यत्ययावर आंतरराष्ट्रीय विचार करणारी ‘सिस्पर’ समिती १९३४ साली स्थापन झाली. संगणकीय उपकरणांच्या उत्सर्जनावर अमेरिकेने १९७९ मध्ये नियम केले. तोवर अनेकदा धातूची पेटी हा नंतरचा उपाय असे. पुढे आराखड्यातच दक्षता घेण्याची शिस्त रुजत गेली. पेटी आजही लागते, पण तिच्या प्रत्येक फटीतून आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक तारेतून गोंगाट निसटू शकतो.

दूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनचा क्षीण संकेत असा एकदा झाकला गेला, की तो परत मिळवणे फार कठीण. तो वाचवण्याचे काम बोर्डावर पहिली रेघ आखली जाते तेव्हाच सुरू होते.