जर्मन वाइनवरचा गोड शिक्का

आज बोलायचंय जर्मनीच्या पांढऱ्या वाइनबद्दल, आणि तीही कोरड्या. कोरडी म्हणजे जिच्यातली साखर आंबताना जवळजवळ संपली आहे अशी. जर्मन बाटलीवर त्यासाठी 'ट्रोकन' असा शब्द असतो. कायद्याने तिच्यात लिटरमागे फार तर ९ ग्रॅम साखर चालते, तीही आम्ल त्या तोलाचं असेल तरच.

लोकांचा समज असा की जर्मन वाइन मुळात गोड आणि कोरडी ही हल्लीची टूम. इतिहास बघितला तर उलटं दिसतं.

रीसलिंग द्राक्षाची पहिली लेखी नोंद १४३५ सालची. कात्सेनएल्नबोगनच्या काउंटच्या ऱ्युसेल्सहाइम इथल्या हिशेबात या वेलींची खरेदी लिहिली आहे. इतिहास कोठीच्या वहीत सापडावा, हे आम्हा फौजी मंडळींना लगेच पटतं! पुढे ऱ्हाइनकाठची वाइन मोठ्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरायची, आणि तेवढ्या काळात यीस्ट बहुतेक साखर खाऊन टाकायचं. फार पिकलेल्या द्राक्षांची गोड वाइन होती, पण ती चांगल्या हंगामात, थोडी आणि महाग. होखहाइम गावावरून इंग्रजांनी ऱ्हाइनच्या वाइनला 'हॉक' नाव दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या व्यापाऱ्यांकडे तिच्यातल्या उत्तम बाटल्यांचा भाव बोर्डोच्या नामवंत वाइनच्या बरोबरीने लागत असे.

मग घसरण कशी झाली? दोन महायुद्धांनी बाजार मोडला, हे आहेच. पण एक गोष्ट कमी सांगितली जाते. हा व्यापार मोठ्या प्रमाणावर ज्यू घराण्यांच्या हाती होता, आणि नाझी राजवटीत ती देशोधडीला लागली. 'ब्लू नन' हा ब्रँड ज्यांचा, ते माइंत्सचं झिशेल घराणंही त्यांतलंच. माल ओळखणारी, गिऱ्हाईक जपणारी माणसं गेली की नुसते मळे राहून काय उपयोग?

युद्धानंतर बारीक गाळण्या सर्रास वापरात आल्या. यीस्टच गाळून टाकलं की साखर ठेवूनही बाटलीत वाइन पुन्हा आंबत नाही. वर न आंबवलेला द्राक्षरस मिसळायची सोय झाली. सपाट जमिनीवर भरघोस पिकवलेल्या पाणचट द्राक्षांचे दोष गोडव्याखाली झाकता येऊ लागले. 'लीबफ्राउमिल्श' नावाने ही स्वस्त वाइन इंग्लंड-अमेरिकेत धो धो खपली. मूळचं हे नाव वर्म्सच्या एका चर्चभोवतीच्या मळ्याचं!

त्यात १९७१चा कायदा आला. माझ्या मते घोडचूकच. दर्जा ठरवायचा तो काढणीच्या वेळी द्राक्षात साखर किती, यावर. मळा कुठला, उतार कसा, याला किंमत नाही. सुमारे ३०,००० मळ्यांची नावं २,६००च्या आसपास आणली. मोझेल नदीवरच्या पीस्पोर्टचा 'गोल्डट्र्योप्फशेन' हा खडा, नावाजलेला उतार. पण 'पीस्पोर्टर मिशेल्सबर्ग' नावाखाली आजूबाजूच्या कितीतरी गावांचा माल विकता येऊ लागला. गिऱ्हाइकाला फरक कळणार कसा? उतारावर हाताने राबणारा शेतकरी त्यात भरडला गेला.

उलट चाल केली ती उत्पादकांनीच. १९८४ साली ऱ्हाइनगाऊ भागात बर्नहार्ड ब्रॉयर आणि त्यांच्या सोबत्यांनी 'शार्टा' संघ काढला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आमची रीसलिंग जेवणाबरोबर प्यायची वाइन आहे.

तसं पाहिलं तर जर्मन ताटाला ती हवीच. डुकराचं मांस, लोणी, साय, सगळं स्निग्ध. रीसलिंगचं आम्ल तो तुपकटपणा कापतं. तळलेल्या सुरमईवर आपण लिंबू पिळतो, त्यातलाच प्रकार. लोण्यात परतलेला ट्राउट किंवा श्नित्सेल यांच्याबरोबर ती छान जाते. आंबवलेल्या कोबीबरोबरही, कारण आंबटापुढे कमी आम्लाची वाइन फिकी पडते.

फ्रँकोनियात मात्र मान सिल्वानरचा. कास्टेल इथे १६५९ साली तो लावल्याची नोंद आहे. चपट्या, पोटफुग्या बाटलीत मिळणारी ही कोरडी वाइन सौम्य, जराशी मातकट. वसंतात पांढरा शतावरीचा कोंब, ज्याला तिकडे 'श्पार्गेल' म्हणतात, तो उकडून वितळलेलं लोणी, बटाटे आणि हॅमबरोबर वाढतात. त्याची चव इतकी नाजूक की तिथे रीसलिंगही जरा वरचढ होते. सिल्वानर बरोबर बसतो. २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, श्पार्गेलची काढणी थांबते, म्हणजे मुळांना पुढच्या वर्षासाठी जोर धरता येतो.