कॅरव्हॅनसाठी घडीची ई-सायकल: खानदेशात काय पाहावे?
महाराष्ट्राचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. गाडी मुक्कामी लावल्यावर गावात किंवा किल्ल्याच्या पायथ्याशी जायला घडीची ई-सायकल सोयीची पडते. जळगाव-धुळ्याकडे ती घेताना मात्र मायलेजच्या आधी उन्हाचा विचार करावा. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपुढे चार्ज करू नये. मे महिन्यात जळगावचा पारा कित्येकदा तिथवर जातो आणि बंद कॅरव्हॅन त्याहून तापते. म्हणून काढता येणारी बॅटरी हवीच. ती सावलीत ठेवून रात्री चार्ज करावी. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीला २ अँपिअरच्या चार्जरवर सुमारे ५ तास लागतात.

दुकानात सायकल नुसती चालवून पाहू नये, घडी करून उचलूनही पाहावी. २० किलोचा ऐवज रोज दोनदा गाडीत चढवायचा असतो! चाके २० इंचांची बरी, त्याहून लहान चाक खड्ड्यात आपटते. तापीकाठच्या सपाट रस्त्यावर एक गिअर पुरतो, तोरणमाळच्या घाटात नाही. मोटर २५० वॉटच्या आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेल्या मान्यताप्राप्त मॉडेलला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. अजिंठ्याला मात्र ती गाडीतच राहते, कारण फर्दापूर फाट्यापासून लेण्यांपर्यंत बसनेच जावे लागते.